कार्डिनलच्या तराजूतली लोकर

इसवी सन 1450. इटलीत मुक्कामी असलेला एक धर्मपंडित छोटासा संवाद लिहून काढतो. त्यात एक साधा, न शिकलेला माणूस एका विद्वानाला युक्ती सांगतो: तराजूच्या एका बाजूला बरीचशी कोरडी लोकर टांगा, दुसऱ्या बाजूला तिच्या वजनाइतके दगड. हवा दमट झाली की लोकरीची बाजू खाली जाईल, कोरडी झाली की वर येईल. हवेतला ओलावा मोजण्याच्या युरोपातल्या सर्वांत जुन्या युक्त्यांमध्ये हिची गणना होते. लिहिणारा होता कुसाचा निकोलस, जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या एका नावाड्याचा मुलगा आणि कॅथलिक चर्चचा कार्डिनल.

देवाधर्माच्या माणसाला हवेच्या ओलाव्याची एवढी उठाठेव कशाला?

लोकर आणि ओलावा ही जोडी बायबलला नवी नव्हती. ‘शास्ते’ या ग्रंथात गिदोनाची गोष्ट आहे. मिद्यानी लोकांशी लढायला जाण्याआधी त्याला देवाकडून खूण हवी होती. त्याने रात्री खळ्यात लोकर पसरली. सकाळी लोकर दहिवराने चिंब आणि भोवतालची जमीन कोरडी! लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघाले. तरी त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्या रात्री त्याने उलटी खूण मागितली: लोकर कोरडी राहावी, जमीन ओली व्हावी. तसेच घडले.

गिदोनाची ही शंका वरवर अश्रद्धा वाटते. देवाची परीक्षा पाहू नये, अशी ताकीद त्याच बायबलमध्ये आहे. पण लोकरीचा स्वभाव ओळखणाऱ्याला त्याचे म्हणणे पटेल. लोकर मुळातच ओलावा धरून ठेवणारी. आपल्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी ती हवेतल्या वाफेतूनच शोषू शकते. म्हणजे पहिल्या रात्रीचा चमत्कार लोकरीच्या अंगचा गुणही असू शकला असता. दुसऱ्या रात्रीने ती पळवाट बंद केली.

गिदोनाला हवे होते ‘हो’ किंवा ‘नाही’. निकोलसला तसे उत्तर मिळण्याची आशाच नव्हती. 1440 मध्ये त्याने ज्ञानी अज्ञानावर ग्रंथ लिहिला होता. वर्तुळात काढलेल्या बहुभुजाकृतीच्या बाजू कितीही वाढवा, तिचे वर्तुळ होत नाही. माणसाची बुद्धीही सत्याच्या तशीच जवळ जात राहते, असे त्याचे म्हणणे. पण म्हणून त्याने मोजणे सोडले नाही. उलट नाडीचे ठोके, पाणी, बियाणे, सगळेच तोलून पाहावे असे त्याने सुचवले.

तराजूला दिसत नव्हते ते पुढे सूक्ष्मदर्शकाने दाखवले. पाण्यात भिजलेला लोकरीचा तंतू जाडीने सुमारे 16 टक्के फुगतो, लांबीने मात्र जेमतेम एक टक्का वाढतो. त्यातल्या प्रथिनांच्या साखळ्या बहुतांशी लांबीच्या दिशेने असतात. पाणी त्यांच्या मधे शिरते आणि त्यांना बाजूंना रेटते. लांबीतली अशी किरकोळ वाढही कामाची ठरली. जिनिव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने 1783 च्या ग्रंथात माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे वर्णन केले. कोरड्या हवेतून पुरत्या दमट हवेत गेल्यावर केस दोन-अडीच टक्के लांबतो आणि काटा हलतो. अशी केसांची उपकरणे पुढे हवामान केंद्रांत दीर्घकाळ वापरात होती.

पण तंतू सगळे खरे सांगत नाही. कोरडेपणाकडून दमट हवेत आलेल्या लोकरीत जेवढा ओलावा असतो, त्याहून जास्त ओलावा भिजून सुकत आलेल्या लोकरीत उरतो. हवा तीच, तंतू तोच, आकडे दोन. फरक सुमारे दोन टक्क्यांपर्यंत जातो. तंतू आजची हवा सांगताना कालचा ओलावाही मिसळून सांगतो. म्हणजे निकोलसच्या तराजूतली लोकर त्याच्याच सिद्धांताची साक्ष देत होती: मोजमाप खरे, पण पुरते नाही.

वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळांनी यावर साधा तोडगा काढला आहे. लोकरीचा नमुना आधी मुद्दाम कोरड्या हवेत ठेवतात, मग 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत त्याला स्थिरावू देतात आणि त्यानंतरच त्याची चाचणी घेतात.