पायाखालची फरशी

सदाशिव पेठेतला जुना वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली आणि नाना तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा खंड्या तेरा वर्षांचा झाला होता. वाड्याच्या बोळात पिल्लू असताना सापडलेलं हे गावठी कुत्रं. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, डोळ्यांत निळसर झाक. वयानं डोळ्यातलं भिंग घट्ट होतं म्हणून अशी झाक येते, हा मोतीबिंदू नव्हे, त्याला दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी नाना अधूनमधून त्याच्यापुढे हात हलवून बघत.

नाना लेखक. दिवाळी अंकासाठी त्यांनी महाभारतातल्या महाप्रस्थानिक पर्वावर लेख कबूल केला होता. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. उरतो धर्मराज आणि मागून येणारं कुत्रं. इंद्र रथ घेऊन उभा आहे आणि धर्मराज म्हणतो, आपल्या आसऱ्याला आलेल्या या जिवाला टाकून मला स्वर्ग नको. नानांचा लेख नेमका इथे अडला होता. टेबलाखाली खंड्या झोपलेला असे आणि नानांचं सगळं लक्ष त्याच्या पोटाच्या वरखाली होण्याकडे लागलेलं असे.

नव्या घरात आल्यावर त्याचं खाणं कमी झालं. दहीभात पुढे ठेवला की उठायचा, भांड्यापर्यंत जायचा, मान खाली घालायचा आणि मागे सरून दारातल्या पायपुसण्यावर जाऊन उभा राहायचा. नानांच्या पोटात गोळा यायचा. म्हाताऱ्या कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे त्यांनी वाचलं होतं. माणसासारखीच त्यांच्याही मेंदूची झीज होते, मग ती रात्रभर येरझाऱ्या घालतात, कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात, हेही वाचलं होतं. रात्री दोनला खंड्या उठला की नाना दिवा लावून बसत. हा गेल्यावर त्याला कुठे न्यायचं, कोण सोबत येईल, रिकाम्या घरात आपण लिहायला कसं बसायचं, इथपर्यंत विचार जात.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडांसाठी बघतात ते क्रिएटिनिन ठीक होतं. मागच्या पायांचे सांधे झिजले होते, त्यासाठी कुत्र्यांसाठीचं औषध दिलं आणि निक्षून सांगितलं, "घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चुकूनही देऊ नका, कुत्र्याला विष होऊ शकतं." तपासणीच्या टेबलावर रबरी चटई होती. तिच्यावर उभ्या उभ्या खंड्यानं बिस्कीट खाल्लं, दुसरं मागून घेतलं. नानांचे डोळे भरून आले. विझण्याआधी ज्योत मोठी होते, तसंच हे असणार असं त्यांना वाटलं.

काळजी माणसाला फार लांबचं दाखवते आणि हातभर अंतरावरचं तेवढं झाकून टाकते.

दुसऱ्या दिवशी घरकामाच्या मावशी उकिडवं बसून फरशी पुसत होत्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. खंड्यानं मान खाली घातली होती आणि त्याचे पुढचे दोन्ही पाय हळूहळू फाकत चालले होते. नखं फरशीवर टकटक घासत होती. छाती खाली जायला लागली तसा तो धडपडून मागे सरला आणि पायपुसण्यावर जाऊन उभा राहिला.

"नाना, त्याला भूक हाय," मावशी म्हणाल्या. "पाय निसटत्यात त्याचे. वाड्यात शहाबादी व्हती, खरबरीत. ही चकचकीत फरशी म्हंजी तेल सांडल्यावानी. माणूस बी पडंल."

त्यांनी माळ्यावरून गोणपाट काढलं, पसरलं, त्यावर पाट ठेवला आणि पाटावर भांडं. खंड्या आला. एक पाय गोणपाटावर ठेवून दाबून पाहिला, मग दुसरा. मान फार वाकवावी लागली नाही. दहीभात संपला, भांडं चाटून झालं, आणि पाटावर सांडलेलं शीतही गेलं.

त्या दिवशी नानांनी टेबलाशी बसण्याऐवजी जमिनीवर बसून खंड्याचे पंजे हातात घेतले. रस्त्यावरचं फिरणं कमी झाल्यामुळे नखं वाढली होती आणि पंजाची गादी नीट टेकत नव्हती. गाद्यांच्या मधले केसही वाढले होते. नखांच्या आत रक्तवाहिनी असते, म्हणून ती डॉक्टरांकडून कापून आणली. केस घरीच जपून कातरले. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून रबरी चटईचा लांब पट्टा आणला आणि झोपायच्या जागेपासून भांड्यापर्यंत, भांड्यापासून दारापर्यंत अंथरला. खंड्याला रात्री जाग येणं थांबलं नाही, सांधे काही नवे झाले नाहीत. पण तो आता भिंत न धरता चालतो.

लेखही पुढे सरकला. धर्मराजाची कसोटी रथापाशी लागली असं आपण सांगतो. नानांनी त्याआधीच्या वाटेबद्दल लिहिलं. एवढ्या मोठ्या चढणीवर मागून येणाऱ्या त्या चार पायांकडे वळून पाहिल्याशिवाय कुणी त्यांच्यासाठी स्वर्ग नाकारेल, हे त्यांना पटेना. संपादकांना त्यांनी चार दिवस मागून घेतले.

चटईचा तुकडा उरला होता. मावशी तो गुंडाळत म्हणाल्या, "नाना, ह्यो मी नेऊ का? सासूबाईंना न्हाणीत लई भ्या वाटतं. भिंतीला धरून जात्यात. आताशा तर आंघोळच नको म्हणत्यात."

नानांनी खणातून टेप काढला आणि मावशींच्या हातात दिला.

"हा तुकडा न्या, पण तेवढ्यानं भागायचं नाही. न्हाणीचं माप घ्या. आणि त्यांच्या खाटेपासून न्हाणीपर्यंतचंही घ्या. उद्या मी परत बोहरी आळीत जातोय."