खाली उतरू न शकणाऱ्यांची यादी

लिफ्टशेजारी पाटी असते : ‘आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये, जिन्याने उतरावे.’ सूचना योग्यच आहे. पण बाराव्या मजल्यावर व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाने ती वाचून काय करायचे? रेफ्यूज एरिया आहे ना, असे उत्तर लगेच मिळते. मुंबईतल्या टॉवरमध्ये तो साधारण दर सात मजल्यांनी असतो. तो आठव्या आणि पंधराव्या मजल्यावर असला, तर या माणसाने चार मजले उतरायचे किंवा तीन चढायचे, आणि तेही जिन्यानेच! आसऱ्याची जागा आपण राखली; तिथवर त्याला कोण नेणार, हे ठरवलेच नाही.

न ठरवण्याचा परिणाम लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये दिसला. १४ जून २०१७ च्या रात्री त्या २४ मजली इमारतीला लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. तिथल्या ३७ अपंग रहिवाशांपैकी १५ जण त्यांत होते. ‘घरातच थांबा’ हा सल्ला जवळजवळ दोन तास कायम होता. ज्यांचे पाय चालत होते त्यांतले अनेक तो झुगारून निघाले. इतरांना झुगारण्याचीही सोय नव्हती. स्वतःहून बाहेर पडू न शकणाऱ्या प्रत्येकाची सुटकेची योजना आधीच आखा, असे चौकशी आयोगाने २०१९ मध्ये सांगितले. सरकारने २०२२ मध्ये ते नाकारले. हे व्यवहार्य नाही, खर्च परवडणार नाही, आणि या लोकांना उतरवताना इतरांची वाट अडेल, अशी कारणे दिली. यातले शेवटचे कारण मला सर्वांत भयंकर वाटते. जिना सर्वांचा असेल, तर एकालाच ‘अडथळा’ कसे म्हणता येईल? अखेर २०२५ मध्ये इंग्लंडने उंच निवासी इमारतींसाठी अशा योजनांचे नियम केले. ते लागू होण्याची तारीख ६ एप्रिल २०२६ ठरली.

आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत सोसायटीला ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. पंप, स्प्रिंकलर, अलार्म चालू आहेत एवढे त्यातून कळते. माणसे कशी बाहेर पडणार, हे कळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे आठवे कलम संकटकाळी समान संरक्षण आणि सुरक्षिततेची हमी देते. ही हमी आपल्या जिन्यापर्यंत आलेलीच नाही.

कोणाला जिना उतरता येत नाही, याची यादी करणे अवघड आहे, असे कोणी म्हणू नये. सोसायटीत सत्यनारायण असला की कोणाला खाली येता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. नवव्या मजल्यावरच्या आजी, पक्षाघात झालेले काका, ऑक्सिजनवर असलेल्या बाई, या सगळ्यांच्या दारी प्रसाद न चुकता पोचतो. ही आपुलकी खरी आहे. मग तीच माहिती कागदावर उतरवायला संकोच कसला?

‘खासगी बाब आहे,’ असे म्हणतात. मग त्या व्यक्तीला विचारा. ती नको म्हणाली, तर तिचे नाव घालू नका. पण तिच्या वतीने नकार देण्याचा अधिकार समितीला नाही. ‘घरच्यांनी बघावे,’ असेही म्हणतात. दुपारी दोन वाजता घरचे कामावर असतात. आणि ‘नशिबात असेल ते होईल,’ म्हणणारा स्वतःच्या दाराला सेफ्टी डोअर बसवतो आणि गाडीचा विमा वेळेवर भरतो. दैववाद फक्त दुसऱ्याच्या जिवापुरता असेल, तर ती श्रद्धा नव्हे, बेपर्वाई आहे.

‘पण आगीत शेजाऱ्याने स्वतःचा जीव का धोक्यात घालावा?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. तसे कोणी मागतही नाही. धूर पसरण्याआधीच्या पहिल्या काही मिनिटांत काय करायचे, तेवढे ठरलेले हवे : बहिऱ्या माणसाचे दार कोण उघडणार, त्याच्यासाठी लुकलुकणारा दिवा कुठे बसवायचा, जिन्यावरून उतरवता येणारी खुर्ची कोणत्या मजल्यावर असेल आणि ती कोणाला हाताळता येते. योजनेची एक प्रत रात्रपाळीच्या वॉचमनकडे हवी, म्हणजे अग्निशमन दलाच्या पहिल्या अधिकाऱ्याच्या हाती मजला आणि खोली लगेच पडेल. मॉक ड्रिलमध्येही या रहिवाशांना ‘तुम्ही घरीच थांबा’ असे सांगणे बंद व्हावे. त्यांना घेऊन एकदा जिना उतरून पाहा. वळणावर ठेवलेल्या कुंड्या, चपलांचे रॅक आणि बंद पडलेली सायकल कोणाच्या वाटेत आहेत, ते तेव्हाच कळेल.