जमैकाचे ताट आणि जमैकाचे शेत

जमैकाची लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास आहे आणि विमानाने व बोटींनी मिळून २०२३ साली तिथे ४० लाखांवर पर्यटक आले. या पाहुण्यांपुढे समुद्रकिनारा आणि रेगे संगीत यांच्या जोडीने आता तिसरी गोष्ट आग्रहाने मांडली जाते, ती म्हणजे तिथले खाणेपिणे. ब्लू माउंटनच्या डोंगररस्त्याने खाद्ययात्रेचा मार्ग आखला गेला आहे. 'जमैका जर्क' (धुरात शिजवलेले मसालेदार मांस) आणि 'जमैका रम' यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सरकार, हॉटेलवाले आणि आचारी या सर्वांचे एकमत आहे की देशाची खाद्यपरंपरा जपली पाहिजे आणि ती विकलीही पाहिजे. या दोन्हीला माझा विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच की नुसती पाककृती जपल्याने ही परंपरा टिकणार नाही, कारण ती स्वयंपाकघरात जन्मलेलीच नाही. कष्टकऱ्याच्या ताब्यात आलेला जमिनीचा तुकडा आणि त्यावर पिकलेले स्वतः विकण्याची मुभा, या दोन गोष्टींतून ती उभी राहिली. त्यामुळे खाद्यपर्यटन जमैकाच्या संस्कृतीचा मान राखते की नाही, हे पाहायचे असेल तर हॉटेलच्या मेनूकार्डावर काय छापले आहे ते पाहून भागणार नाही. पाहुण्याने मोजलेले पैसे त्या तुकड्यापर्यंत पोचतात का, हे पाहावे लागेल.

१६५५ साली इंग्रजांनी हे बेट स्पॅनिशांकडून घेतले आणि पुढच्या शतकात ते उसाच्या मळ्यांनी भरून टाकले. सपाट, सकस जमीन सगळी उसाखाली गेली. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या हजारो गुलामांना खायला काय घालायचे, हा मळेवाल्यांच्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न होता. तो त्यांनी दोन तऱ्हांनी सोडवला. उत्तर अमेरिकेतून खारवलेला मासा आणि पीठ मागवायचे. आणि ऊस जिथे होत नाही अशी मळ्यापासून लांबची, डोंगरउताराची, दगडगोट्यांची जमीन गुलामांना देऊन आपले अन्न आपणच पिकवा म्हणायचे. रविवारी आणि अधूनमधून मिळणाऱ्या एखाद्या शनिवारी ही माणसे त्या उतारावर राबत. कोनफळाच्या कुळातला याम, अळकुड्या, कसावा, केळी, घेवडे, मिरच्या असे सगळे तिथे एकत्र पिके. घरचे भागून उरलेले रविवारच्या बाजारात विकले जाई. यातून जी अर्थव्यवस्था उभी राहिली ती लहानसहान नव्हती. मळेवाल्यांचाच इतिहासकार एडवर्ड लाँग याने १७७४ साली लिहिले की बेटावरच्या चलनाचा सुमारे पाचवा हिस्सा गुलामांच्या हाती असावा. कायद्याने जी माणसे स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होती, ती बेटाला भाजीपाला, कंद आणि कोंबड्या पुरवत होती. त्यांच्या मालकांच्या घरीसुद्धा तोच माल शिजत होता. मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिन्ट्झ यांनी या बाजारांचा बारकाईने अभ्यास केला आणि गुलामगिरी संपल्यानंतरच्या जमैकन शेतकऱ्याचा उगम याच उतारांवर दाखवून दिला. किंग्स्टनच्या कॉरोनेशन मार्केटमध्ये आज टोपल्या मांडून बसणाऱ्या, खेड्यांतून माल गोळा करून आणणाऱ्या बायकांना तिथे हिगलर म्हणतात. त्यांचा व्यवसाय गुलामगिरीच्या काळापासून अखंड चालत आलेला आहे, आणि जमैकाच्या खाद्यपरंपरेची खरी वारसदार कोण, असे विचारले तर मी प्रथम त्यांचे नाव घेईन.

हे अन्न वरून लादलेले असते तर काय झाले असते, याचे उत्तरही जमैकाच्या इतिहासातच आहे. अमेरिकन वसाहतींचे स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर तिकडून येणारा मासा आणि धान्य तुटले. त्यातच १७८० पासून एकामागून एक चक्रीवादळे आली. १७८० ते १७८७ या काळात उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगांनी सुमारे १५,००० गुलाम मेले, असा अंदाज खुद्द बेटाच्या विधिमंडळाने नोंदवला आहे. यावर मळेवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे नीरफणस. हा आपल्या कोकणात आणि गोव्यात ज्याच्या कापा करतात तोच नीरफणस. पॅसिफिकमधल्या ताहितीहून त्याची रोपे आणायला इंग्रज नौदल अधिकारी विल्यम ब्लाय निघाला. १७८९ साली त्याच्या 'बाउंटी' जहाजावर बंड झाले आणि ती खेप बुडाली. दुसऱ्या खेपेला, १७९३ साली, रोपे जमैकाला पोचली. एक झाड लावले की वर्षानुवर्षे फुकट अन्न, असा हिशेब होता. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला त्यांनी नीरफणसाकडे पाठ फिरवली. त्यांच्या बागांत त्यांच्या निवडीचे कंद होते, त्यांना हे फळ नको होते. बराच काळ ते डुकरांना घातले जाई. आज हाच नीरफणस निखाऱ्यावर भाजून जमैकात घरोघरी आवडीने खाल्ला जातो. मधल्या काळात फळ बदललेले नाही. मालकाने माथी मारलेले अन्न स्वतंत्र माणसाच्या परसातले झाड झाले, तेव्हा ते त्याच्या चवीत बसले.

जर्कची गोष्टही जमिनीचीच आहे. मळ्यांतून निसटून डोंगरात राहिलेल्या मरून लोकांनी रानडुकराचे मांस पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइसच्या, लाकडावर आणि पानांवर संथ धुरात शिजवायची रीत घडवली. मांस लाकडी चौकटीवर धुरावण्याची कला बेटावरच्या मूळच्या टाइनो लोकांकडूनही त्यांच्याकडे आली असे मानले जाते. मसाला आणि मीठ मांस टिकवायला होते, कारण लष्कराच्या तुकड्या मागावर असताना मोठा जाळ करून रोज स्वयंपाक करणे शक्य नव्हते. इंग्रजांना त्यांचा बीमोड करता आला नाही आणि १७३९-४० मध्ये तह करून त्यांचा मुलूख मान्य करावा लागला. आज पोर्टलंड परगण्यातल्या बोस्टन बे इथे जर्कच्या भट्ट्यांपुढे पर्यटकांची गर्दी असते. २०१८ साली ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हर यांनी 'जर्क राइस' नावाचे पाकीट बाजारात आणले तेव्हा ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. जर्कमध्ये नेमके काय घालतात यावर बरीच शाई खर्ची पडली. ती चर्चा रास्त होती, पण अपुरी होती. पिमेंटोचे लाकूड कोण तोडतो, नवी झाडे कोण लावतो, स्कॉच बॉनेट मिरचीला शेतावर काय भाव मिळतो, हे प्रश्न त्या वादात फारसे आले नाहीत. भौगोलिक मानांकनाचेही तसेच आहे. ते नावाची चोरी रोखते. नावामागच्या शेतकऱ्याला त्यातून आपोआप काही मिळत नाही.

१ ऑगस्ट १८३८ रोजी गुलामगिरी पुरती संपली, तेव्हा मळेवाल्यांनी पहिला घाव कशावर घातला? त्याच उतारावरच्या बागांवर आणि झोपड्यांवर. त्यांचे भाडे वाढवले, म्हणजे माणसे मजुरीला बांधलेली राहतील. उलट असंख्य कुटुंबांनी मळे सोडले, चर्चच्या मदतीने किंवा साठवलेल्या पैशांतून जमीन घेतली आणि स्वतंत्र खेडी वसवली. ऊस कापायला माणसे मिळेनात, म्हणून १८४५ पासून हिंदुस्थानातून कंत्राटी मजूर आणले गेले. 'ब्लंडेल' जहाज त्या वर्षीच्या १० मे रोजी ओल्ड हार्बर बे इथे लागले, आणि पुढच्या सत्तर वर्षांत सुमारे ३६,००० माणसे आली, बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. जमैकात लग्नकार्याला हमखास शिजणारे 'करी गोट' ही त्यांची देणगी. हळद आपली, पण पिमेंटो, थाइम आणि स्कॉच बॉनेट तिथले. मराठी वाचकाला या ताटात आणखीही ओळखीचे काही सापडेल. नाताळात नारळाच्या दुधातल्या भातात घालतात ती 'गंगो पीज' म्हणजे आपली तूर. त्याच सणाचे आले-रम घातलेले लालभडक 'सॉरेल' हे लाल अंबाडीच्या बोंडांचे पेय. तिथला 'कॅलालू' हा माठाच्या जातीचाच पाला. या वस्तू वेगवेगळ्या वाटांनी पोचल्या. तूर, उदाहरणार्थ, आफ्रिकेवरून गेली. पण वाट कुठलीही असो, त्या रुजल्या त्या छोट्या शेतकऱ्याच्या वाफ्यात.

आता आजचे चित्र पाहा. जमैका दरवर्षी १०० कोटी अमेरिकी डॉलरहून अधिक किमतीचे अन्न आयात करतो. पर्यटकांचा मोठा भाग अशा हॉटेलांत उतरतो जिथे राहणे, खाणे, पिणे सगळे एकाच आगाऊ रकमेत येते. अशा पाहुण्याला फाटकाबाहेर पडून हिगलरकडून आंबा घ्यायचे किंवा रस्त्याकडेच्या टपरीवर 'पॅटी' खायचे कारणच उरत नाही. हॉटेलचे कोठार परदेशातून आलेल्या कंटेनरांवर भरू शकते, आणि तरी मेनूवर जर्क असतेच, कारण मसाला लावून कुठल्याही देशातल्या कोंबडीचे जर्क करता येते. पाककृती शेतापासून सुटी होते ती अशी. दुधाच्या बाबतीत हे किती वेगाने होऊ शकते ते १९९० च्या दशकात दिसले. जागतिक बँकेच्या कर्जाच्या अटींनुसार आयातीवरचे निर्बंध उतरले, परदेशी अनुदानावर स्वस्त झालेली दूधभुकटी आली, आणि जमैकाच्या गोठेवाल्यांवर ताजे दूध ओतून देण्याची वेळ आली. 'लाइफ अँड डेट' या २००१ च्या माहितीपटात ते नोंदवलेले आहे. ज्या उष्ण हवेच्या देशाने स्वतःची 'जमैका होप' ही दुधाळ गाईची जात घडवली, त्या देशात हे झाले.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की जमैकाचे ताट शुद्ध स्थानिक कधी होते? राष्ट्रीय पदार्थ 'अकी आणि सॉल्टफिश'. त्यातला खारवलेला कॉड मासा शेकडो वर्षे थंड समुद्रांतून येतो, तांदूळ आणि गहूही बाहेरचेच. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. शुद्धतेचा आग्रह धरला तर या ताटात फार काही उरणार नाही. अकी स्वतः पश्चिम आफ्रिकेतून आलेले झाड आहे. पण मासा बाहेरचा असताना हा पदार्थ जमैकन कसा झाला, ते पाहावे. मळ्यावर तो मासा मोजून मिळे, हलक्या प्रतीचा मिळे. त्या मूठभर शिध्याला परसातली अकी, कांदा, थाइम, मिरची आणि पुढच्या काळात भाजलेला नीरफणस यांनी जेवणाचे रूप दिले. आयात होती, पण ताटाचा मोठा भाग हातच्या जमिनीतला होता आणि काय शिजवायचे ते रांधणारी ठरवत होती. आज पुष्कळ हॉटेलांत हे प्रमाण उलटले आहे, आणि ठरवणारा खरेदी विभाग आहे. माझी हरकत तिथे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाचशे खोल्यांच्या हॉटेलला रोज ठरावीक आकाराचे, ठरावीक प्रतीचे टोमॅटो लागतात. दोन-तीन एकरांचा शेतकरी ते देऊ शकत नाही. शिवाय वादळे आहेत. २०२४ च्या जुलैत बेरिलने आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मेलिसाने सेंट एलिझाबेथ परगण्याची दैना केली, आणि तो देशाच्या भाजीपाल्याचे कोठार आहे. अशा वेळी हॉटेलाने पाहुण्यांना उपाशी ठेवायचे काय? नाही. पण छोट्या शेतकऱ्याला दर्जा आणि नियमितपणा जमतच नाही, हे जमैकाच्याच दोन पिकांनी खोटे ठरवले आहे. ब्लू माउंटन कॉफी हजारो लहान मळ्यांतून येते, तिची कडक तपासणी होते, आणि चोखंदळ जपानी ग्राहक कित्येक दशके तिचा सर्वांत मोठा भाग घेत आला आहे. अकीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. न उमललेल्या अकीत हायपोग्लायसिन नावाचे विष असते. फळ झाडावर आपोआप उघडल्यावरच ते खाण्याजोगे होते. १९७३ मध्ये अमेरिकेने तिच्यावर बंदी घातली. जमैकाने तपासणीची व्यवस्था उभारली आणि २००० साली प्रमाणित कारखान्यांच्या डबाबंद अकीला ती बाजारपेठ पुन्हा खुली झाली. परसातल्या झाडाचे विषारी होऊ शकणारे फळ अमेरिकेच्या कसोटीला उतरवता येते, तर याम आणि कॅलालू माँटेगो बेच्या हॉटेलांपर्यंत पोचवता येणार नाहीत असे म्हणणे पटत नाही. फरक असा की कॉफी आणि अकीमागे गोळा करणारी, पारखणारी आणि आगाऊ खरेदीची हमी देणारी यंत्रणा उभी राहिली. हॉटेले आणि शेतकरी यांना जोडण्यासाठी सरकारने 'ॲलेक्स' नावाचे व्यासपीठ काढले आहे, ते योग्य दिशेचे पाऊल आहे. पण नुसती गाठ घालून देणे पुरत नाही. शीतगृहे लागतील, हंगामापूर्वीचे करार लागतील, वादळानंतर बियाणे आणि भांडवल लागेल. आणि हॉटेलांना मेनू हंगामाप्रमाणे बदलावा लागेल. टोमॅटो नसेल तेव्हा टोमॅटो नाही, एवढे पाहुण्याला सांगण्याची तयारी हवी. जो खाद्ययात्रेला म्हणून आला आहे, त्याला यात उणे वाटण्याचे कारण नाही.

कुणी म्हणेल, सुट्टीवर आलेल्या माणसाच्या जेवणावर गुलामगिरीचा इतिहास कशाला लादायचा? लादू नये. पाहुण्याला अपराधी वाटून जमैकाच्या एकाही शेतकऱ्याचे भले होणार नाही. पण जो देश आपली परंपरा म्हणून हे अन्न विकतो, त्याला ती परंपरा कशी घडली हे विसरून चालणार नाही, कारण धोरणाची दिशा त्यातूनच मिळते. पर्यटन खाते दरवर्षी किती पाहुणे आले आणि त्यांनी किती डॉलर खर्च केले ते अभिमानाने जाहीर करते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा: प्रत्येक मोठ्या हॉटेलने वर्षभरात जमैकाच्या शेतकऱ्यांकडून किती टन माल घेतला आणि त्यासाठी किती पैसे दिले. करसवलती घेणाऱ्या हॉटेलांना हा आकडा देणे बंधनकारक करावे, आणि सवलतीचे प्रमाण त्या आकड्याशी बांधावे.