कणकेच्या गोळ्या

श्रावणातल्या एका रविवारी भाचीला घेऊन कोल्हापूरच्या कळंबा तलावावर गेलो. पोरीचं वय नऊ. शाळेनं गृहपाठ दिला होता: पाच पक्षी बघा आणि त्यांची चित्रं काढा. मोबाइलवर बघून पाच मिनिटांत उरकलं असतं. पण तिच्या आईनं मोबाइल काढून घेतला आणि पोरीला माझ्या गाडीवर बसवून दिलं.

पाऊस उघडला होता. तलाव काठोकाठ भरलेला, बांधावर फिरायला आलेल्यांची वर्दळ. आम्ही गर्दी टाळून जरा पुढं गेलो. पाणकणसाच्या बेटाशी पाण्यावर शेवाळ-काटक्यांचा एक ओला ढीग तरंगत होता. कचरा समजून मी नजर काढलीही होती. भाची म्हणाली, ‘‘मामा, कचऱ्यावर कोंबडीचं पिल्लू बसलंय.’’ ती टिबुकली होती. मुठीएवढा तपकिरी पक्षी. टिबुकलीचं घरटं असंच पाण्यावर तरंगतं, आजूबाजूच्या वनस्पतींना अडकवून ठेवलेलं.

आम्ही खाली बसतोय तोवर एक काका आले. स्कूटरच्या हुकाला पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात कणकेच्या गोळ्या. पायातल्या चपला काढून, हात जोडून त्यांनी पाण्यात मूठभर गोळ्या टाकल्या. मासे उसळले. आवाजानं आणखी चार पोरं धावत आली. काका मनानं मोठे. प्रत्येक पोराच्या हातावर गोळ्या ठेवत म्हणाले, ‘‘टाका, टाका. पुण्य लागतंय.’’ भाचीनंही टाकल्या. टाळ्या, किंकाळ्या, सगळं झालं.

मी टिबुकलीकडं बघत होतो. ती उठली. चोचीनं आजूबाजूचं शेवाळ ओढून तिनं भराभर अंड्यांवर पसरलं आणि टुपकन पाण्यात बुडाली. लांब जाऊन वर आली. तिथूनच घरट्याकडं बघत राहिली.

‘‘मामा, ती घर झाकून गेली.’’

झाकून जाणं ही टिबुकलीची जन्मजात शहाणीव. वर घारी-कावळे असतात, त्यांना अंडी दिसू नयेत म्हणून. पण झाकलेल्या अंड्यांना आईच्या पोटाची ऊब नसते. आपण काठावर जितक्या वेळा गोंगाट करू तितक्या वेळा ती उठणार.

काकांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. वडील आजारी होते तेव्हा कुणा जाणत्यानं सांगितलं म्हणून मी स्वतः चाळीस दिवस पंचगंगेच्या घाटावर अशाच गोळ्या टाकल्या आहेत. वडील बरे झाले ते औषधानं. पण त्या चाळीस दिवसांत मला काहीतरी केल्याचं समाधान होतं, हेही खरं. आज त्या समाधानाचीच शंका येते. भूक माशांची नव्हती, माझी होती.

आपल्याकडं मुक्या जिवाला घास घालणं हा संस्कार आहे. काकबळी, गोग्रास, मुंग्यांना साखर. तो वाईट आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण हे सगळं अंगणातलं आहे, हे विसरायला नको. कावळा आपल्या छपरावर येतो, गाय दारात उभी राहते. तिथं यजमान आपण. तलावावर मात्र पाहुणे आपण असतो. पाहुण्यानं यजमानाच्या चुलीवर आपलं भांडं चढवायचं नसतं. माशाला शेवाळ आहे, किडे आहेत, अळ्या आहेत. न खाल्लेली कणीक तळाशी जाऊन कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. दोन मुठींनी तलाव मरत नाही, कबूल. पण श्रावणात मुठी दोनच नसतात.

हा वाद किती टोकाला जाऊ शकतो ते आपण पाहिलंच आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, तेव्हा दाणे टाकणारे रस्त्यावर उतरले. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला कबुतरांच्या विष्ठेनं बाधणारी लोकांची फुप्फुसं. दाणे टाकणाऱ्याला आपण दुष्ट कसे ठरलो हेच कळेना. त्याची तगमग मला समजते. त्याचं म्हणणं मात्र पटत नाही.

मग काहीच करू नये का? तसं नाही. हा तलाव मुळात माणसानंच केलेला आहे. संस्थानी काळात शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून तो बांधला. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पाणी इथं साठतं आणि उतारानंच शहराकडं जातं. 2019च्या पुरात पंचगंगेवरची उपसा केंद्रं बुडाली आणि भर पावसात कोल्हापूर टँकरची वाट बघत बसलं. उताराच्या पाण्याची किंमत तेव्हा कळली. 2016च्या दुष्काळात कळंबा आटला. अशा वेळी तळाचा गाळ काढणं, एरवी काठावरचं प्लास्टिक उचलणं, ओढ्यात सांडपाणी सोडू न देणं, ही कामं आहेतच. पण ती घामाची आहेत, टाळ्यांची नाहीत. आणि त्यात मासा उसळून आपल्याला लगेच पावती देत नाही.

थंडीत इथं वारकरी दिसतात. काळाकुट्ट पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. नाव त्यावरूनच पडलं असावं. त्याला जागच्या जागी उडता येत नाही. पाण्यावरून लांबवर धावत, पाय आपटत, तेव्हा कुठं तो हवेत चढतो. त्याची ही धावपळ फोटोत फार छान येते, म्हणून काही हौशी लोक मुद्दाम खडे मारून थवा उठवतात. फोटो उत्तम निघतात. आपल्या घरच्या म्हाताऱ्याला कुणी दिवसातून दहा वेळा जिना चढायला लावला तर आपण त्याचा फोटो काढू का?

काका गेले, पोरं पांगली. मी भाचीला म्हटलं, आता बोलायचं नाही, हलायचं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला ही शिक्षाच. पहिली पाच मिनिटं ती चुळबुळली. मग गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली. मी घड्याळ बघत होतो: सतरा मिनिटांनी टिबुकली परतली. आधी बुडी मारून जवळ आली, मान वर काढून अंदाज घेतला, मग ढिगावर चढली. शेवाळ बाजूला केलं. अंडी मूळची पांढरी असतात म्हणे; ही ओल्या शेवाळानं मळकी झाली होती. ती त्यांच्यावर बसली आणि भाचीनं रोखून धरलेला श्वास सोडला.

गृहपाठात पाच पक्षी भरले नाहीत. पोरीनं एकाच पक्ष्याची पाच चित्रं काढली: बसलेला, झाकणारा, बुडणारा, बघणारा, परत आलेला. बाईंनी किती गुण दिले ते मी विचारलं नाही.

कळंब्याला जाणार असाल तर ऊन चढायच्या आत जा. पोरांना न्या, पाण्याची बाटली न्या आणि ती परतही आणा. कणीक मात्र घरीच राहू द्या. चार चपात्या होतील.