परिप्रश्न

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायातील 34व्या श्लोकात भगवंतांनी ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय एका दमात सांगितले आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. पहिल्या आणि तिसऱ्या शब्दावर आपल्याकडे उदंड निरूपणे झाली, मधला मात्र मधल्या भावंडासारखा दुर्लक्षित राहिला. गेली कित्येक वर्षे मी त्याच्याच भोवती घुटमळतो आहे, आणि साधकहो, भोवती फिरणे हाच त्याचा पहिला अर्थ आहे. परिघात आणि परिक्रमेत जो ‘परि’ आहे तोच इथे आहे. साधा प्रश्न दारात उभा राहून हाक मारतो आणि मिळेल ते घेऊन माघारी वळतो; परिप्रश्न त्या घराला वळसा घालतो, परसातली विहीर पाहतो, आणि ज्या दाराने आत शिरायचे ते दार आपण समजत होतो त्या बाजूला नव्हतेच, हे त्याला हळूहळू कळते.

मला ते कळले एका कुंभारवाड्यात. एखाद्याचा व्यवसाय समजून घ्यायचा तर त्याच्याशी बोलावे, एवढ्या भोळ्या समजुतीने वही घेऊन मी तिथल्या एका वृद्ध कारागिरासमोर बसलो आणि विचारू लागलो: माती कुठून आणता, दिवसाला मडकी किती होतात, एकाला किती सुटतात? त्यांनी प्रत्येकाचे उत्तर दिले, एकेका शब्दात, हात न थांबवता. ते सारे प्रश्न मी घरून बांधून आणले होते. त्या अंगणातल्या धुळीचा एक कणही त्यांना लागलेला नव्हता. वही भरली, मी कोराच राहिलो.

मग त्यांनी वर न पाहता चाळण माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “बसलाच आहात तर एवढी माती चाळून द्या.” ज्ञानेश्वर माउलींनी सेवेला ज्ञानमंदिराचा उंबरठा म्हटले आहे, माझ्या वाट्याला तो उंबरठा भोकाभोकांचा आला. अर्ध्या तासाने माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला तो वहीत नव्हता: “बाबा, हा पांढरा बारीक खडा राहिला तर काय होतं?” त्यांचे हात प्रथमच थांबले. चुनखडीचा तो कण मातीबरोबर भाजतो, मडके आव्यातून साजरे बाहेर येते, विकलेही जाते, आणि मग ओल लागली की तोच कण आतल्या आत फुगून तिथला पोपडा उडवतो, हे त्यांनी इतके सविस्तर सांगितले की शेजारचे मडके सुकायला लागले. गिऱ्हाईक मग भाजणीला नावे ठेवते, म्हणाले, “खोट चाळणीतली असते.” प्रणिपात आणि सेवा यांच्यामध्ये परिप्रश्न का ठेवला आहे, हे मला तेव्हा उमगले, दोन्हीकडून आधार नसेल तर तो निव्वळ चौकशी होतो.

महाभारताच्या वनपर्वातला कौशिक ब्राह्मण मिथिलेला धर्मव्याधाकडे गेला, तेही शिकायलाच. पण मांस विकणाऱ्या त्या ज्ञात्याला त्याने आधी ऐकवले काय, तर हे कर्म तुला शोभत नाही! विद्वानांची ही खोड जुनी आहे. माझी वही तिच्याच कुळातली.

याउलट मुक्ताबाईकडे पाहा. संतमेळ्याची ती कथा आपण नामदेवांच्या कच्चेपणासाठी सांगतो, आणि सांगण्याच्या भरात तिचा आरंभ विसरतो. गोरोबाकाका कुंभारांच्या घरी कोपऱ्यात पडलेले थापटणे तिला दिसते आणि ती विचारते, काका, हे काय? मडके कच्चे की पक्के ते याने कळते, काका सांगतात. लहान मुलीचा, एका अवजाराविषयीचा प्रश्न. पण तो तिथे थांबत नाही, वळसा घेतो आणि जमलेल्या संतांच्याच मस्तकांवर येतो: मग आमच्यातले कच्चे कोण? परिप्रश्नाचा हा आतला पदर आहे. दुसऱ्याच्या धंद्याविषयी विचारलेले फिरत फिरत विचारणाऱ्याच्या डोक्यावर वाजते, आणि कच्चे ठरलेल्या नामदेवांना गुरूसाठी विसोबा खेचरांकडे जावे लागते.

आमच्या बाबांचेही थापटणे मी हातात घेऊन पाहिले. आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून हलके ठोकत ओलसर मडके वाढवायचे. “जोर किती लावायचा?” मी विचारले. “आतला हात सांगतो,” ते म्हणाले, आणि माझा डावा हात धरून त्यांनी तो मडक्यात घातला. बराच वेळ मला काही कळले नाही. मग एक ठोका बोटांना पातळ लागला. “इथं बास,” ते आणि मी एकदमच म्हणालो.

निघताना वही तिथेच राहिली होती. त्यांच्या नातवाने धावत आणून दिली. मागून बाबांचा आवाज आला, “मंगळवारी आवा लावायचाय. पहाटे या, लाकडं रचायला माणूस कमी आहे.”