एक शिला, दोन नांवें

वाचनाचे भाग : उत्पत्ति ३५:१६-२०, ४९:२९-३२



मंडळींतील एखादा वृद्ध भाऊ प्रभूमध्यें निजला, म्हणजे चार-सहा महिन्यांनीं त्याच्या मुलांस दगडाची आठवण होते. आणि आई अद्याप हयात असेल तर लागलाच प्रश्न निघतो, कीं दगड एकट्या बापाचा करावा, कीं दोघांचा मिळून? उपदेशकांस हें वारंवार विचारण्यांत येतें, म्हणून शास्त्राच्या आधारें आज त्याविषयीं कांहीं लिहावें असें आम्हांस वाटलें.

याकोबाची राहेलीवर फार प्रीति होती. ती बेथलेहेमाच्या वाटेवर बाळंतपणांत वारली, तेव्हां तिला तेथेंच पुरून त्यानें तिच्या कबरेवर स्तंभ उभा केला. परंतु मिसर देशांत मरणसमयीं त्यानें मुलांस काय सांगितलें? त्या स्तंभाजवळ मला न्या, असें तो म्हणाला नाहीं. अब्राहामानें चारशें शेकेल रुपें तोलून देऊन घेतलेल्या मकपेलाच्या गुहेंत, जेथें अब्राहाम व सारा, इसहाक व रिबका हीं निजलीं होतीं, आणि जेथें त्यानें स्वतः लेआला पुरिलें होतें, तेथें नेण्याची आज्ञा त्यानें केली. जी जन्मभर नावडती राहिली, त्या लेआच्या शेजारीं तो निजला. जिला दगड मिळाला तिला सोबत मिळाली नाहीं; जिला सोबत मिळाली तिच्या दगडाचा शास्त्रांत उल्लेखही नाहीं. तेव्हां दगडाच्या उंचीवरून प्रीति मोजूं नये. बापाच्या दोन बायका झाल्या आहेत अशा मुलांस आम्ही हें विशेषेंकरून सांगतों, कारण सावत्र भावांचीं भांडणें कबरस्थानापर्यंत पोंचतात.

सन १८०५ त आपल्या मराठी भाषेचें व्याकरण छापणारे विल्यम कॅरीसाहेब यांचेंही उदाहरण पाहा. त्यांचीं तीन लग्नें झालीं. दुसरी पत्नी शार्लट १८२१ त वारली. साहेबांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें, कीं मला तिच्या शेजारीं पुरावें, आणि तिच्याच दगडावर वर किंवा खालीं जागा असेल तेथें माझें नांव, जन्ममृत्यूच्या तारखा व एका गीताच्या दोन ओळी कोराव्या. याहून अधिक नको. ते १८३४ त सेरामपुरास वारले. अनेक भाषांत शास्त्र उतरविणाऱ्या त्या मनुष्यानें आपल्या कामाचा एक शब्दही दगडावर मागितला नाहीं. मात्र त्यांची तिसरी पत्नी तेव्हां हयात होती. पुनर्विवाह केलेल्या भावानें असें कांहीं लिहून ठेवण्यापूर्वीं घरांतल्या बायकोस विचारावें, असें आमचें मत आहे.

आतां दगडाविषयीं. आजकाल शहरांतून तकतकीत ग्रॅनाइट मिळतो, त्यावर फोटोही उमटवून देतात. ज्यास परवडेल त्यानें घ्यावा. पण बापाच्या दगडापायीं आईचे डाग गहाण पडावे, हा कोणता मान? आपला काळा दगड पाथरवटाच्या छिन्नीस दमवितो खरा, परंतु त्यावरील अक्षर पावसास सहसा दाद देत नाहीं. एक पावसाळा जाऊं द्यावा, म्हणजे माती खचून बसते व मागाहून दगड कलत नाहीं. तेवढ्या अवधींत भावांचा हट्टही थोडा ओसरतो. दोघांचा करणें असल्यास दगड रुंद घ्यावा, आणि एक बाजू कोरी ठेवावी. जिवंत माणसाविषयीं घाई करूं नये. अमेरिकेंत कित्येकांनीं मृत्यूच्या सनाचे १९ हे आकडे आधींच कोरवून ठेविले, आणि देवानें त्यांस २००० च्या पुढें नेलें!

ती कोरी बाजू पाहून कित्येक भगिनींस आधार वाटतो, कित्येकींस धसका बसतो. तरुण विधवेची गोष्ट तर निराळीच. तिच्या नांवाची जागा राखून सासरच्यांनीं तिला दगडास बांधूं नये. नवरा मेल्यावर स्त्री त्याच्या बंधनांतून मोकळी होते, असें पौल रोमकरांस लिहितो (७:२). प्रभूनेंही पुनरुत्थानांत लग्न नाहीं हें सदूकी लोकांस स्पष्ट सांगितलें (मत्तय २२:३०). दोघांचा दगड ही सात जन्मांची गांठ नव्हे. मंडळीसमक्ष दिलेलें वचन मरणापर्यंत पाळिलें, एवढीच त्याची साक्ष.

म्हणून उपदेशकांनीं मुलांबरोबर पाथरवटाकडे जाण्यापूर्वीं आईजवळ बसावें, आणि मुलें बाहेर असतां तिचें म्हणणें ऐकावें. ती नको म्हणाली तर बापाचा लहानसा दगड करावा, व शेजारची जागा पंचांनीं मंडळीच्या वहींत तिच्या नांवें मांडून ठेवावी. त्यास पैसे पडत नाहींत.