दान, देणें आणि भागीदारी

दीनदुबळ्यांची सेवा करणाऱ्या संस्थेनें व्यापारी कंपनीचा पैसा घ्यावा किंवा नाहीं, हा प्रश्न आतां शहरापुरता राहिला नाहीं. वटारच्या वाड्यांपासून जव्हारच्या डोंगरांपर्यंत आपल्या पालघर जिल्ह्यासहि त्याचा विचार करणें प्राप्त आहे. कित्येक म्हणतात, पैसा कोणाचाहि असो, गरिबाच्या मुखीं घांस पडला म्हणजे झालें. दुसरे म्हणतात, नफ्याच्या पैशास शिवूंच नये. आमच्या मतें दोघेहि अर्धेंच पाहतात.

प्रथम कायदा पाहूं. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आहे. वर्षास ५ कोटि रुपये वा अधिक निव्वळ नफा मिळविणाऱ्या कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के लोकहितार्थ खर्चावे, आणि त्यांत आपल्या आसपासच्या मुलखास अग्रमान द्यावा, असें तें सांगतें. केवळ आपल्या नोकरांच्या सोयीसाठीं केलेला, किंवा मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेला खर्च यांत धरीत नाहींत. तेव्हां हा पैसा धन्याची मेहरबानी नव्हे. तो मागतांना सेवकानें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.

परंतु पैसा एकाचा व राबणें दुसऱ्याचें, एवढ्यानें भागीदारी होत नाहीं. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापिलेली बायफ संस्था जव्हारकडे आदिवासी कुटुंबांस आंबा-काजूच्या वाड्या लावून देते. आंब्याचें कलम हातीं लागण्यास कांहीं वर्षें पाणी व राखण लागते. कंपनीचें वर्ष मात्र मार्चअखेर संपतें, आणि कलम तें जाणत नाहीं. एकाच वर्षाचा पैसा घेऊन रोपें लावावीं व दुसऱ्या उन्हाळ्यांत तीं वाळूं द्यावीं, यापेक्षां न घेतलेला पैसा बरा. कायदा अनेक वर्षें चालणाऱ्या कामास मुभा देतो. जमीन जाणणाऱ्या संस्थेनें ही गोष्ट आरंभींच मागून, लिहून घ्यावी.

आतां याहून कठीण प्रसंग घ्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेनें २०१६ सालीं राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. समजा, अशा तक्रारींत सांपडलेल्या एखाद्या कारखान्यानें त्याच कोळ्यांच्या मुलांसाठीं शाळा बांधून देऊं केली, तर संस्थेनें काय करावें?

प्रिय वाचकहो, येथें दान व देणें यांतील भेद विसरूं नये. पाणी नासलें असेल, तर त्याची भरपाई हें देणें आहे. शाळा हें दान आहे. दानानें देणें फिटत नाहीं. शाळा स्वीकारावी किंवा नाहीं, हें ज्यांचें जाळें रिकामें आलें त्यांनीं ठरवावें. संस्थेनें त्यांच्या वतीनें परस्पर ठरवूं नये. आणि स्वीकारलीच, तर करारांत मौनाची अट नसावी. शाळेची भिंत दाखवून तक्रार मिटविली जाऊं नये.

म्हणून सही करण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या: ही गरज गांवानें सांगितली कीं कंपनीनें? काम पुरें होईपर्यंत पैसा येईल काय? हिशेब गांवापुढें वाचला जाईल काय? आणि अन्याय दिसल्यास आपली जीभ मोकळी राहील काय? शेवटल्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी असेल, तर ती भागीदारी नव्हे, चाकरी होय. आणि तिची किंमत गरिबासच मोजावी लागते.